कापसाच्या काठाचे तळे

मी एक जुना, गोल आरसा आहे, मित्रांनो, पण या घरात मला आरसा म्हणणारे कोणी नाही. इथे मला तळे म्हणतात. "तळं कुठं ठेवलंय?" "तळ्यावरची धूळ कुणी पुसली का?" असे माझ्याबद्दल विचारले जाते, आणि मीही आता त्या नावाला ओ देतो. भिंतीवरचे आरसे माणसांची तोंडे बघतात. मी मात्र उताणा पडलेला असतो, त्यामुळे मला हनुवट्या दिसतात, नाकपुड्या दिसतात आणि वरून खाली येणारे हात दिसतात. हात मी फार जवळून पाहिले आहेत.

माझ्या अंगावर या काठापासून त्या काठापर्यंत एक तडा आहे. तो कसा पडला हे ज्यांना ठाऊक होते ते बोलले नाहीत. आरशाला खोटे बोलता येत नाही असे लोक म्हणतात. अहो, त्याला मुळात बोलताच येत नाही, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

सुरुवातीला मी घड्याळाच्या दुकानात होतो. काचेच्या कारखान्यात माझ्या पाठीवर चंदेरी लेप चढला, भोवती पितळी चौकट बसली, टेकून उभे राहायला मागे एक पाय मिळाला आणि मी एका घड्याळजीच्या काउंटरवर जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाईक मनगटाला नवे घड्याळ बांधायचे आणि हात माझ्यासमोर वळवून वळवून बघायचे. वेळ कोणीच बघत नसे. सगळे आपला हात कसा दिसतो तेच बघत.

माझ्या मागच्या बाजूला घड्याळजी बसायचे, पण समोरच्या काचेच्या कपाटात ते मला दिसत. उजव्या डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा आणि चिमट्यात केसाहून पातळ स्प्रिंग. काम सुरू करताना ते श्वास धरायचे आणि काम संपल्यावरच सोडायचे. एखादे घाईतले गिऱ्हाईक कुरकुरले, की हाताचा पंजा पुढे करून म्हणायचे, "यावर पाण्याचा भरलेला पेला ठेवा. थेंब सांडला तर दुरुस्ती फुकट." पेला ठेवून बघणारेही निघाले. थेंब कधी सांडला नाही.

एकदा कोणाच्या तरी पिशवीचा धक्का लागून मी कलंडलो आणि माझा पाय मोडला. काच शाबूत राहिली. पण लंगडा आरसा दुकानात शोभत नाही. घड्याळजींनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि घरी नेले.

घरात त्यांची बायको होती, ती शिवणकाम करायची. आणि एक सहा वर्षांची मुलगी होती. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या दिवसांत मात्र भिंगरी पलंगावर पडून होती. कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून तिने पाय मोडून घेतला होता. नाताळ आठ दिवसांवर आला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीच्या काचेमागे एक इवलेसे गाव मांडलेले होते. घरे, झाडे, बर्फ, खिडक्याखिडक्यांत दिवे. सगळी मुले ते बघून आली होती. हिने फक्त ऐकले होते.

"बाबा, ते गाव इथं घेऊन या ना."

"ते बेकरीवाल्या काकांचं आहे. मी कसं उचलून आणू?"

"मग आपलं करा."

आईने शिवणयंत्राच्या टेबलावरची कापडे बाजूला केली. बाबांनी पुस्तके एकावर एक रचून त्यांवर चुरगळलेला खाकी कागद पसरला, झाले डोंगर. काडेपेट्यांची पाच घरे झाली. खिडक्यांना पिवळा जिलेटीन कागद लागला. भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडे कातरली गेली. घड्याळाचे दातेरी चाक पाणचक्कीला बसले, आणि मोडका सेकंदकाटा छपरावर वाऱ्याची दिशा दाखवू लागला. दिव्यांची माळ घराघराच्या पोटातून ओवली. मधोमध एक मोकळी जागा उरली. बाबांनी इकडे तिकडे पाहिले आणि मला चौकटीतून सोडवून तिथे उताणे ठेवले. आईने माझ्या काठाने कापूस पसरला.

"तळं," भिंगरी म्हणाली. "गोठलेलं."

त्या दिवसापासून मी तळे झालो.

गावात माणूस हवा म्हणून बाबांनी एक काडी मधोमध मोडली. तिच्या गुलाची लाल टोपी झाली, खांद्याला कागदाचा कपटा अडकवला आणि पोस्टमन तयार झाला. सगळ्या गावाचे माप त्या पोस्टमनवरून ठरले. बाबा घर करताना गुणगुणायचे, आणि पलंगावरून भिंगरी साथ द्यायची:

अर्ध्या काडीचा माणूस, पाऊण काडीचं दार,
दारामध्ये दिवा लाव, गाव झालं तयार.

मग दर नाताळला एकच नवे घर करायचे, असा या घराचा नेम पडला. घर पूर्ण झाले की भिंगरी त्याच्या तळाशी पेन्सिलीने वर्षाचा आकडा लिहायची. गल्लीतली माणसे बघायला यायची. माझ्यावर वाकून, माझ्यात स्वतःचे नाक पाहून दचकायची. "काय हात आहे हो तुमचा!" म्हणायची. बाबांची हनुवटी वर जायची. मला ती खालून दिसायची.

भिंगरी दहा वर्षांची झाल्यावर बाबांनी तिच्या हातात चिमटा दिला. "श्वास धर. आता उचल. घाई नको, काटा कुठं पळून जात नाही." तिने छोटा काटा उचलला आणि छपरावर नेमका ठेवला. बाबांनी आईला हाक मारून ते दाखवले. "हिचा हात माझ्यावर गेलाय. दुकान हिचंच." त्या दिवशी भिंगरीचा चेहरा माझ्यात मावत नव्हता, इतकी ती माझ्यावर वाकून स्वतःचेच हात बघत होती.

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला आवडते. पुढची सांगावी लागते.

सातव्या वर्षीचे घर टेबलावर आले तेव्हा बेकरीवाले काका बघायला आले होते. ते मोठ्याने हसले. "अहो, हे केवढं घर? यात राक्षस राहतो की काय?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांचे हसू मध्येच थांबले. काका गेल्यावर ते घराकडे बराच वेळ बघत राहिले. शेजारच्या काडेपेटीच्या घरापुढे ते खरोखरच दांडगे दिसत होते. दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेल्यावर आई टेबलाशी आली. तिने लहान घरे उचलून मागे, डोंगराच्या पायथ्याशी नेली आणि मोठे घर पुढे, माझ्या काठाशी ठेवले. मग दोन पावले मागे जाऊन पाहिले. लांबचे लहान दिसते आणि जवळचे मोठे, त्यामुळे गाव एकदम खोल, दूरवर पसरलेले दिसू लागले. त्या वर्षी सगळ्यात जास्त वाहवा झाली. "गाव किती लांबवर गेलंय बघा," असे जो तो म्हणाला.

आईने ते का केले हे मला ठाऊक होते, कारण मला हात दिसत होते. घर चिकटवताना बाबांचा उजवा हात थरथरायचा. आधी थोडा, मग जास्त. डिंकाचा थेंब दाराऐवजी भिंतीवर पडायचा. पाऊण काडीचे दार कापताना कात्री घसरायची, मग ते एका काडीचे दार कापायचे, पुढच्या वर्षी दीड काडीचे. लहान काम हाताला झेपेना, म्हणून घरे वाढत चालली होती. बाबा चहाचा कप टेबलावरून न उचलता तोंडच कपाकडे नेऊ लागले होते. आईने बशी भरून द्यायचे थांबवले होते. दोघांनी एकमेकांना काहीच विचारले नाही. घड्याळजीचा हात कापतो हे बाहेर कळले असते, तर कोणी त्याच्याकडे घड्याळ ठेवले असते?

नवव्या वर्षी बाबांनी मनोरा करायला घेतला. त्यात चालते घड्याळ बसवायचे होते. आईचे जुने, नाजूक घड्याळ त्यांनी त्यासाठी साफ केले होते. दुपारची वेळ होती. आई आत शिलाईचे माप घेत होती, कारण शेजारीण झंपर शिवायला आली होती. भिंगरी चौदा वर्षांची. दुकानात घड्याळाच्या पोटात बघायला लागते ती छोटी बॅटरी तिने दोन्ही हातांनी धरली होती. बाबांनी घड्याळ मनोऱ्याच्या भोकाशी टेकवले, पितळी हातोडी उचलली, श्वास धरला.

प्रकाशाचा गोल मनोऱ्यावर रोवल्यासारखा उभा होता. तसूभरही हलला नाही. मी खालून बघत होतो, मला सगळे दिसत होते. हलला तो हात. हातोडी निसटली, मनोऱ्यावर आदळली आणि तिथून माझ्यावर. मनोरा आडवा झाला. घड्याळ कापसात जाऊन पडले. आणि माझ्या अंगातून एक कळ या काठापासून त्या काठापर्यंत गेली.

आई धावत आली, पाठोपाठ शेजारीण. "काय झालं?"

बाबांनी शेजारणीकडे पाहिले. उजवा हात त्यांनी टेबलाखाली नेला होता आणि डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

"हिनं बॅटरी हलवली," ते म्हणाले.

"मी नाही हलवली, बाबा."

"मग काय हातोडी आपण होऊन पडली? तुझ्या हातात काही म्हणजे काही धड राहत नाही."

"अगंबाई, तळं फुटलं की," शेजारीण म्हणाली. आई मागे वळली. तिने झाडू आणला.

भिंगरीने बॅटरी बंद केली, टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिले. चार वर्षांपूर्वी माझ्यावर वाकून तिने तेच हात पाहिले होते. पण आता ती त्यांना ओळखत नसल्यासारखी बघत होती. मला ओरडून सांगायचे होते. माझ्याजवळ तर आता तोंडासारखी एक फट होती, तरीही आवाज फुटला नाही.

त्या नाताळला गाव मांडले गेले नाही. घरे, झाडे, पोस्टमन, ते नाजूक घड्याळ आणि आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेला मी, असे सगळे एका खोक्यात बसून माळ्यावर गेलो. आईने वरून दोरी बांधली.

माळ्यावर दिसत काही नाही, ऐकू मात्र येते. ऐकत ऐकत मी तेरा नाताळ काढले. दुकान बंद झाल्याचे ऐकले. "डोळे दमतात हल्ली," असे बाबा लोकांना सांगत. हात हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नव्हते. भिंगरीचा आवाज मोठा होत गेला, पण त्यात एक वाक्य घुसले होते. "माझ्या हातात नको देऊ." काचेचे भांडे असो, शेजारचे तान्हे बाळ असो, भरलेला पेला असो, "माझ्या हातात नको देऊ." पुढे तिला टेलिफोनवर लोकांच्या चौकशीला उत्तरे द्यायची नोकरी लागली. तिथे काहीच हातात धरावे लागत नाही, असे ती आईला हसून सांगत होती. आई हसली नाही. "चहाचा कपही अजून दोन्ही हातांनी धरतेस," म्हणाली. मी वर टॉवेलात पडून ऐकत होतो, आणि मित्रांनो, धूळ जड असते असे मला तेव्हाच पहिल्यांदा वाटले.

मग माळ्याच्या छताला ओल आली आणि गवंडी यायचा होता, म्हणून माळा रिकामा करायची वेळ आली. रविवार होता, नाताळ चार दिवसांवर. भिंगरीने खोके खाली उतरवले, दोरी सोडली. "बाई गं, हे अजून आहे?" असे स्वतःशीच म्हणत तिने मला टॉवेलातून काढून भिंतीला टेकवले आणि ती फरशीवर बसली.

टेबलावर मांडायला घेतले असते तर तिने आईच्या पद्धतीने लहान मागे, मोठी पुढे अशी मांडणी केली असती. पण फरशीवर ती सहज तळाचे आकडे वाचत गेली आणि घरे वर्षांच्या क्रमाने एका ओळीत ठेवत गेली. पहिल्या वर्षाची काडेपेटीची पाच. दुसऱ्याचे. तिसऱ्याचे. सातव्याचे, ते राक्षसाचे. आठव्याचे. शेवटी भोक पडलेला मनोरा. ओळ पूर्ण झाली आणि तिचा हात थांबला. घरे जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली होती.

तिने पोस्टमन उचलला. तिच्या ओठांत ते जुने गाणे आले, अर्ध्या काडीचा माणूस, पाऊण काडीचं दार. पहिल्या दाराशी पोस्टमन नीट उभा राहिला. चौथ्या दाराशी तो थोडा बुटका वाटला. सातव्याच्या दाराची कडी त्याच्या टोपीच्याही वर होती. मनोऱ्याच्या उंबऱ्याशी तो हरवलेल्या पोरासारखा दिसत होता. दारांच्या कडा आधी सुरीसारख्या सरळ होत्या. पुढेपुढे त्या नागमोडी झाल्या होत्या. भिंगरीने एका कडेवरून बोट फिरवले. मग परत फिरवले.

"आई, इकडे ये."

आई दारात आली, ओळ बघितली आणि चौकटीला टेकली.

"तुला माहीत होतं," भिंगरी म्हणाली.

"मोठी घरं मी पुढं का ठेवायची, तुला काय वाटलं?"

"लांबचं लहान दिसतं म्हणून."

"लोकांना तसंच वाटायला हवं होतं."

"आणि बॅटरी?"

आई खाली बसली. तिच्या गुडघ्यांचा आवाज आला. "बॅटरी हलली नसणार, हे मला ते म्हणताक्षणीच कळलं होतं. शेजारीण उभी होती गं. गावभर झालं असतं. मला वाटलं, तू लहान आहेस, विसरशील. त्यांचा हात मी झाकला." तिने मनोऱ्यावरची धूळ पदराने पुसली. "तुझा उघडा पडला."

भिंगरी रडली नाही. तिने मला उचलले आणि तडा अंगठ्याने चाचपला. मग उठून शिवणयंत्राच्या टेबलावरची कापडे बाजूला केली.

खुर्चीत बाबा होते. उजवा हात स्वेटरच्या खिशात. तो हात आता सदा खिशातच असे. भिंगरीने पुस्तके रचली, कागद चुरगळला, मला मधोमध ठेवून कापूस पसरला. बाबा बघत होते. मनोरा माझ्या काठाशी उभा करून तिने आईचे ते नाजूक घड्याळ पुसले आणि चिमटा-हातोडी शोधली. मग बॅटरी बाबांसमोर धरली.

"तुम्ही धरा. मी बसवते."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मलाही तेरा वर्षं असंच वाटत होतं, बाबा."

फार वेळाने खिशातून हात बाहेर आला. मित्रांनो, मी तो हात काउंटरवर पाहिला होता, पाण्याचा पेला पेलताना. आता त्यात बॅटरी होती आणि सगळ्या खोलीभर उजेड थरथरत होता. डोंगर हलत होते, झाडे हलत होती. माझ्यावर पडलेला प्रकाश लाटालाटांनी काठाला जाऊन लागत होता. मी इतकी वर्षे गोठलेले तळे होतो, त्या संध्याकाळी माझ्यात पाणी वाहिले.

"तेव्हाही असाच हलला होता," बाबा म्हणाले. "हात. बॅटरी नाही."

भिंगरी "असू दे" म्हणाली नाही, "काही हरकत नाही" असेही नाही. हरकत होती. तिच्या हातांची तेरा वर्षे गेली होती. तिने फक्त घड्याळ भोकाशी टेकवले आणि हातोडी उचलली. तिचाही हात थोडा कचरला.

"श्वास धर," बाबा हळूच म्हणाले. "आता ठोक. घाई नको."

तिने हलत्या उजेडात, अंदाजाने, एकदाच ठोकले. घड्याळ बसले. चावी दिल्यावर थोडा वेळ काहीच झाले नाही, मग टिकटिक सुरू झाली. भिंगरीने दोन्ही हात माझ्यावर धरून पाहिले. ते स्थिर होते. ती बघतच राहिली.

या वेळी तिने घरे आईच्या पद्धतीने मांडली नाहीत. माझ्या काठाने वर्षांच्या क्रमाने गोल लावली, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि शेवटी मनोरा. दुसऱ्या दिवशी खिडकीतले दिवे बघून बेकरीवाले काका आले. ते आता काठी घेऊन चालतात.

"हे काय हो? पहिल्यासारखं लांबवर जात नाही गाव. नुसतंच मोठं होत गेलंय."

आई चहा घेऊन येत होती, ती तिथेच थबकली.

"माझा हात कापत गेला," बाबा म्हणाले, "तशी घरं मोठी होत गेली." आणि त्यांनी हात खिशातून काढून टेबलावर, सगळ्यांच्या देखत ठेवला. तिथे तो थरथरत राहिला. आईने ट्रे शेजारी टेकवला तशा कपबश्या किणकिणल्या.

काकांनी त्या हाताकडे पाहिले. मग काठी भिंतीला लावून खुर्चीत बसले. "म्हणजे राक्षस नव्हता तर. आणि मी वेडा वर्षानुवर्षं हसत होतो."

भिंगरीने ट्रेमधला एक भरलेला कप उचलला. एका हाताने. तो तिने काकांच्या हातात दिला आणि मगच सगळ्यांच्या लक्षात आले.

मित्रांनो, माझा तडा तसाच आहे. काच सांधत नाही, आणि माझ्यात वाकून बघणाऱ्याचा चेहरा अजूनही दोन तुकड्यांत दिसतो. आम्हा जुन्या वस्तूंना जपून ठेवा, टॉवेलात गुंडाळा, वर्षातून एकदा तरी धूळ पुसा, एवढे मी मागतोच. पण आणखी एक मागतो. ज्या हातांनी आम्हाला घडवले ते हात कापू लागले, तर हसू नका आणि तोंडही फिरवू नका. जवळ जाऊन विचारा. आणि कधी तुमच्याच हातातून काही निसटले, तर ते त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगून टाका. दुसऱ्याच्या हातावर ढकलू नका. हातोडी माझ्यावर पडली तेव्हा मला एकच कळ लागली. पण तो ढकललेला दोष जिला लागला, ती तेरा वर्षे कप दोन्ही हातांनी धरत होती.